हिरवळ आणि वन : उपग्रहचित्रांच्या वाचनातील ‘पुनःप्राप्ती’ या संज्ञेचे परीक्षण

(१)

वणव्यात जळालेल्या अरण्याची अवकाशातून घेतलेली चित्रे वर्षानुक्रमाने मांडून त्यांवरून त्या अरण्याचा पुढील इतिहास वाचण्याची पद्धती आता चांगलीच रूढ झाली आहे. या पद्धतीचा एक उत्तम आणि कोणासही सहज पाहता येईल असा नमुना म्हणजे अमेरिकेतील ‘नासा’ संस्थेच्या ‘अर्थ ऑब्झर्व्हेटरी’ या विभागाने प्रसिद्ध केलेली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची चित्रमालिका. १९८८ सालच्या उन्हाळ्यात या उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग, म्हणजे जवळजवळ ३,२०० चौरस किलोमीटर क्षेत्र, वणव्यांनी व्यापले गेले. लँडसॅट मालिकेतील उपग्रहांनी त्या प्रदेशाची वणव्यापूर्वीची, वणव्यानंतरची आणि पुढील अनेक वर्षांची जी चित्रे घेतली, त्यांतून निवड करून ही मालिका सिद्ध झाली आहे. तिच्या इंग्रजी शीर्षकाचा आशय ‘यलोस्टोनमधील जळिताची पुनःप्राप्ती’ असा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हा शेवटचा शब्द आहे.

अशा चित्रांचे परीक्षण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का करावे, हा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, उपग्रहाचे चित्र हे आपण समजतो तसे छायाचित्र नसते. ते चिन्हांनी बनलेले असते. त्या चिन्हांना अर्थ लावण्याचे काही संकेत असतात. आणि त्या संकेतांनी लावलेला अर्थ शेवटी एखाद्या शब्दात सांगावा लागतो. ‘हे क्षेत्र जळाले’, ‘हे क्षेत्र पूर्ववत झाले’ ही विधाने उपग्रह करीत नाही. ती माणसे करतात, भाषेत करतात, आणि त्या विधानांवर विसंबून निधी, संरक्षण व उत्तरदायित्व यांविषयीचे निर्णय घेतले जातात. शब्द चित्रापेक्षा अधिक सांगत असेल, तर निर्णयही चित्राच्या आधारापलीकडे जाईल. म्हणून शब्द आणि चित्र यांचे नाते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

(२)

प्रथम उपग्रहाला वस्तुतः काय दिसते, याचा विचार करू. वणव्याच्या बाबतीत त्याचे पाहणे दोन प्रकारचे असते.

पहिला प्रकार उष्णतेचा. पेटलेल्या आगीतून सुमारे ४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांचे उत्सर्जन आसपासच्या जमिनीच्या मानाने फारच प्रखर असते. याच जागेचे सुमारे ११ मायक्रोमीटरवरील उत्सर्जन त्याच्याशी ताडून पाहिले म्हणजे जळत असलेली जागा ओळखता येते. १९९९ साली सोडलेल्या टेरा आणि २००२ साली सोडलेल्या अ‍ॅक्वा या उपग्रहांवरील ‘मोडिस’ हे उपकरण अशा रीतीने एक किलोमीटर बाजूच्या चौकोनात आग शोधते. २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरील ‘व्हिअर्स’ हे उपकरण ३७५ मीटर बाजूच्या चौकोनात शोधते. आग चौकोनाच्या अल्पशा भागात असली तरी चौकोन तप्त म्हणून नोंदला जातो. नकाशावरील एक तांबडा ठिपका म्हणजे एक वणवा, असे जे समजले जाते ते यामुळे यथार्थ नाही. ठिपक्याचा खरा अर्थ इतकाच की, उपग्रह वरून जात असताना या सुमारे पस्तीस एकरांत कोठे तरी तीव्र उष्णता होती.

दुसरा प्रकार परावर्तित प्रकाशाचा. हिरवे पान आपल्या हरितद्रव्याने तांबडा प्रकाश शोषून घेते आणि आपल्या अंतर्गत रचनेमुळे निकट अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंतील वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले म्हणजे ‘वनस्पती निर्देशांक’ मिळतो. पान जळाले की निकट अवरक्त परावर्तन घटते आणि सुमारे २.२ मायक्रोमीटरवरील लघुतरंग अवरक्त परावर्तन वाढते. या दुसऱ्या जोडीवरून त्याच पद्धतीने ‘दाह-गुणोत्तर’ काढतात. वणव्यापूर्वीच्या दाह-गुणोत्तरातून वणव्यानंतरचे वजा केले की दाहाची तीव्रता किती होती याचा अंदाज येतो. लँडसॅटच्या या चित्रांतील एक चित्रकण ३० मीटर बाजूचा असतो, म्हणजे आपल्या मापाने सुमारे नऊ गुंठ्यांचा. नऊ गुंठ्यांतील गवत, झुडूप, राख, खडक आणि सावली या सर्वांचा मिळून एकच आकडा येतो.

यावरून ध्यानात येईल की, दोन्ही प्रकारांत उपग्रहाला आग किंवा वन यांचे प्रत्यक्ष होत नाही. होते ते अनुमान. अनुमानाच्या दोषादोषांची चर्चा आपल्याकडील नैयायिकांनी ज्या बारकाईने केली आहे, तिचा येथे चांगला उपयोग होतो. पर्वतावर धूर दिसला असता तेथे अग्नी आहे असे म्हणता येते, कारण धूर अग्नीवाचून कोठेही आढळत नाही. दोहोंत व्याप्ती आहे. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे उलट म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, पण धूर नाही. धुरासाठी इंधन ओले असावे लागते. ही ओलेपणाची जादा अट म्हणजे ‘उपाधी’. ती लपून राहिली की अनुमान फसते.

हाच न्याय हिरवेपणाला लावून पाहावा. नांदते वन हिरवे असते, हे खरे. परंतु ‘हे क्षेत्र हिरवे आहे, म्हणून येथे वन आहे’ हे अनुमान सदोष आहे. कारण हिरवेपणा हा हेतू गवताळ माळावर आणि भाताच्या खाचरातही आढळतो. त्यातही वनस्पती निर्देशांकाचा एक स्वभाव असा की, पानांचा थर एका मर्यादेपलीकडे दाट झाला म्हणजे तो जवळजवळ स्थिर होतो. भरघोस गवत आणि शंभर वर्षांचे अरण्य यांच्या निर्देशांकांत म्हणूनच कधीकधी फारसे अंतर राहत नाही. दाह-गुणोत्तर या बाबतीत अधिक सावध आहे. ओलावा आणि काष्ठमय रचना यांचा परिणाम त्यावर होत असल्याने ते वणव्यानंतर सावकाश वर येते. एकाच जळिताची ‘पुनःप्राप्ती’ एका मापाने लवकर आणि दुसऱ्या मापाने पुष्कळ उशिरा पूर्ण होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मोजमापाची पद्धत बदलल्याने ज्या घटनेची तारीख बदलते, ती घटना नेमकी कोणती, हे आधी ठरवावयास नको काय?

(३)

आता यलोस्टोनच्या चित्रमालिकेकडे वळू. तिचे गुण प्रथम सांगणे न्याय्य होईल.

१९८८ च्या त्या उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून यलोस्टोन नष्ट झाले, असा सूर सर्वत्र निघत होता. नैसर्गिक कारणांनी लागलेले काही वणवे विशिष्ट अटींवर जळू द्यावेत, हे धोरण उद्यानाने १९७२ सालापासून स्वीकारले होते; त्या वर्षी जुलैच्या उत्तरार्धात ते बाजूला ठेवून सर्व वणवे विझवण्याचा निर्णय झाला. हजारो माणसे कामास लावूनही आग आटोक्यात आली नाही. ११ सप्टेंबरला पाऊस आणि हिमवर्षाव झाला, तेव्हा कोठे तिचा जोर ओसरला. अशा वातावरणात जमिनीवरून दिसणारे दृश्य एकांगी असणे अपरिहार्य होते. उपग्रहचित्राने ते दुरुस्त केले. वणव्याच्या परिघात सर्व काही जळत नाही, आत न जळलेली बेटे राहतात, कोठे केवळ तळातील झुडपे जळतात तर कोठे शेंड्यापर्यंतचे सर्व झाड जळते, ही विविधता त्या चित्रांनी स्पष्ट दाखवली. शिवाय, हे काम एका वर्षाने संपले नाही. १९८४ साली सोडलेला लँडसॅट-५ हा उपग्रह पुढे अनेक वर्षे तेच उपकरण घेऊन त्याच वाटेने फिरत राहिला आणि दर सोळा दिवसांनी त्याच जागी येत राहिला. एकाच लेखकाने एकाच हस्ताक्षरात वर्षानुवर्षे ठेवलेल्या रोजनिशीचे जे महत्त्व, तेच या सातत्याचे आहे. २००८ साली हा सर्व संग्रह विनामूल्य खुला झाला, तेव्हापासून जगातील कोणत्याही अभ्यासकास ती रोजनिशी वाचता येऊ लागली.

मालिकेतील रंगयोजना कृत्रिम आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांना तीत दृश्य रंग दिलेले आहेत. त्यामुळे ताजे जळित गडद तांबूस दिसते आणि उभे वन हिरवे दिसते. पुढील प्रत्येक चित्रात तो तांबूसपणा फिकट होत जातो. मात्र वीस वर्षांनंतरच्या चित्रातही जळिताच्या सीमा ओळखू येतात. येथे चित्रे पूर्ण प्रामाणिक आहेत. ती जे दाखवतात त्याचे नेमके वर्णन करावयाचे तर असे करावे लागेल : जळालेल्या भूमीवरील रंग हळूहळू बदलत आहे आणि तो अद्याप पूर्वीसारखा झालेला नाही. शीर्षकातील शब्द मात्र याहून पुढे जातो. रंग बदलत आहे, एवढे सांगण्याऐवजी तो एका कथेचा शेवट सुचवितो.

या शब्दाची मराठी रूपे तपासली म्हणजे ही कथा उघडी पडते. ‘पुनःप्राप्ती’ म्हटले की काही तरी हरवले होते आणि ते परत मिळाले, असा अर्थ होतो. ‘बरे होणे’ म्हटले की अरण्य आजारी होते, असे गृहीत धरले जाते. ‘पुनरुज्जीवन’ म्हटले की ते मेले होते, हे मान्य करावे लागते. मूळ इंग्रजी शब्दात रोग्याचे बरे होणे आणि गेलेले धन परत मिळणे असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत त्यांतील एक निवडावा लागतो, आणि निवडताना प्रत्येकाचे रूपक नजरेस येते. भाषांतराचा हा एक अनपेक्षित लाभ आहे. मूळ भाषेत जे गृहीतक सवयीने अदृश्य झालेले असते, ते दुसऱ्या भाषेत आणताना डोळ्यांत भरते.

यलोस्टोनच्या वनाला या तीनही रूपकांपैकी एकही चपखल बसत नाही. तेथील वनाचा बहुतांश भाग लॉजपोल पाइन या सूचिपर्णी वृक्षाचा आहे. या जातीच्या पुष्कळ झाडांचे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात. वणव्याच्या आचेने राळ वितळते, शंकू उघडतात आणि राखेवर बी पडते. येथील मोठे वणवे शंभर ते तीनशे वर्षांच्या अंतराने येत आलेले आहेत, आणि आजचे अरण्य हे पूर्वीच्या वणव्यांचेच अपत्य आहे. अशा वनाबाबत आग ही चोरी, रोग किंवा मृत्यू ठरत नाही. ती त्याच्या जीवनक्रमातील एक पर्व ठरते. या संदर्भात संस्कृतातील ‘दव’ या शब्दाची आठवण होते. कोशकारांनी त्याचे दोन अर्थ दिले आहेत : वन आणि वनातील अग्नी. आपल्या ‘वणवा’ या शब्दाच्या पोटातही तोच ‘दव’ आहे. एकाच शब्दात वन आणि वणवा सामावणाऱ्या भाषिकांना यलोस्टोनच्या वृक्षांची माहिती असणे शक्य नव्हते. पण त्या दोहोंचे साहचर्य त्यांच्या भाषेने नोंदवून ठेवले, हे खरे.

(४)

येथवरचे विवेचन वाचून कोणी असे म्हणेल की, हा केवळ शब्दांचा काथ्याकूट झाला. वन परत येत असेल तर त्याला काय म्हणावे याने काय बिघडते? बिघडते ते कसे, हे यलोस्टोनच्याच पुढील इतिहासावरून दिसेल.

१९८८ नंतर तेथे उगवलेल्या पाइनच्या रोपांची मोजणी मोनिका टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवर जाऊन अनेक वर्षे केली. तिचा पहिला धडा असा की, ‘पुनःप्राप्ती’ नावाची एकच एक प्रक्रिया तेथे घडलीच नाही. वणव्यानंतर सुमारे अकरा वर्षांनी हेक्टरी रोपांची संख्या कोठे शून्य होती, तर कोठे पाच लाखांहून अधिक. मिटलेल्या शंकूंच्या झाडांचे प्रमाण उंचीप्रमाणे बदलते. दाहाची तीव्रता आणि जळिताचा विस्तारही जागोजाग वेगळा. त्यामुळे एकाच वणव्यातून निरनिराळ्या घनतेची वने निर्माण झाली. काही ठिकाणी तर अ‍ॅस्पेन या पानझडी वृक्षाची बियांपासून उगवलेली रोपे अशा जागी आढळली, जेथे तो वृक्ष पूर्वी नव्हता. निर्देशांकाच्या दृष्टीने ही सर्व भूमी हिरवीच होत होती. लाखो रोपांची दाटी असलेला उतार आणि केवळ गवताने झाकलेला उतार हे दोन्ही एकाच रंगाकडे सरकत होते.

दुसरा धडा अधिक गंभीर आहे. २०१६ साली १९८८ च्या जळितावर वाढलेल्या तरुण वनाचा काही भाग पुन्हा जळाला. मधले अंतर अवघे २८ वर्षांचे होते. शतकांच्या अंतराने येणाऱ्या आगीशी जुळवून घेतलेल्या या वृक्षांना एवढा काळ पुरेसा नव्हता. बियांचा साठा जमण्यापूर्वीच आग परत आली. अशा अल्पांतराने जळालेल्या जागांची पाहणी करून टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्या रोपांची घनता आधीच्या वणव्यानंतरच्या घनतेच्या सुमारे एक-षष्ठांश इतकीच भरली होती. म्हणजे २०१६ च्या आधी ज्या वनाला नकाशा बिनदिक्कत ‘पूर्ववत’ म्हणाला असता, ते वन त्या वेळी एका महत्त्वाच्या अर्थाने पूर्ववत झालेलेच नव्हते. त्याची पाने परत आली होती. पुढील आग सोसण्याची त्याची शक्ती परत आलेली नव्हती. हिरवेपणा ही वर्तमानकाळाची खूण आहे. वन म्हणजे भूत आणि भविष्य यांनाही सामावणारे सातत्य. वर्तमानाच्या खुणेवरून भविष्याविषयी विधान करणे, हा येथील मूळ दोष आहे.

(५)

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही, कारण तेथे घडलेली मापनाची भाषाच आता जगभर वापरली जाते. वणव्यापूर्वीच्या आणि नंतरच्या दाह-गुणोत्तरांतील फरकावरून तीव्रतेच्या पायऱ्या ठरवण्याची पद्धत माँटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात, सूचिपर्णी वनांच्या अनुभवावर आधारून, विकसित झाली. त्या पायऱ्यांची नावे — ‘मंद’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ — तेथील झाडांवर झालेल्या परिणामांवरून ठरलेली आहेत. तोच शब्दसंग्रह विदर्भातील सागाच्या आणि तेंदूच्या पानझडी वनास लावला, तर काय होते?

चंद्रपूर, गडचिरोली किंवा मेळघाट येथील वनांत पानगळ सामान्यतः माघ-फाल्गुनात सुरू होते आणि वणव्यांचा काळही त्यालाच लागून येतो. आग बहुधा जमिनीवरील पालापाचोळ्यातून सरपटत जाते. मोठी झाडे प्रायः तगतात. जळते ते बी, रोप आणि कोवळे खोड. आता जानेवारीचे आणि एप्रिलचे चित्र शेजारी ठेवून फरक काढला, तर पाने झडल्यामुळे झालेला फरक आणि आगीमुळे झालेला फरक एकमेकांत मिसळून जातात. येथे दाहाचा अर्थ वाजवीहून अधिक लागण्याचा संभव. पुढे जूनपासून आकाश ढगांनी व्यापले की प्रकाशावर अवलंबून असलेला उपग्रह जवळजवळ अंध होतो. तो पुन्हा नीट पाहू लागतो तो ऑक्टोबरात. तोवर सर्व रान पालवलेले असते. चार-पाच महिन्यांत ‘पुनःप्राप्ती’ पूर्ण! येथे हानीचा अर्थ वाजवीहून फारच कमी लागला. मोठ्या झाडांच्या छत्राखाली रोपांची एक पिढी नाहीशी झाली, ती वरून दिसलीच नाही. दरवर्षी असेच होत गेले तर एक दिवस त्या छत्राची जागा घेण्यास खाली कोणीच उरणार नाही. आणि त्या दिवसापर्यंत प्रत्येक शरदऋतूतील चित्र हिरवेच दिसत राहील. सह्याद्रीच्या उतारांवर दरवर्षी पेटणाऱ्या गवताचीही हीच कथा आहे. पहिल्या पावसाबरोबर उतार हिरवे होतात, पण त्या गवतात तग धरू पाहणारे रोपटे पुढील उन्हाळा पाहत नाही.

उष्णतेच्या ठिपक्यांविषयीही असाच विवेक हवा. भारतीय वन सर्वेक्षण ही डेहराडून येथील संस्था २००४ सालापासून उपग्रहांच्या आधारे वणव्यांच्या सूचना राज्यांना पुरवीत आहे. तप्त जागा वनसीमेच्या आत आहे की बाहेर, हे ताडून पाहिल्यावरच ती सूचना निघते. दुर्गम भागातील आगीची वार्ता वनरक्षकापर्यंत लवकर पोहोचवण्याचे हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. परंतु सूचना म्हणून जो ठिपका उपयुक्त आहे, तोच वर्षअखेर मोजून एखाद्या तालुक्याच्या नावावर मांडला की त्याचा अर्थ बदलतो. मराठीने आगीचे प्रकार हेतूप्रमाणे वेगळे केले आहेत. अनावर पसरतो तो वणवा; भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजतात तो राब; ऊस तोडल्यावर शेतात जळते ते पाचट; वणवा पसरू नये म्हणून वनखातेच मुद्दाम जाळून घेते ती जाळरेषा. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवणे, तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून झुडपे भाजणे, हे आणखी निराळे व्यवहार. त्यांतून कधी वणवा उद्भवतो, कधी उद्भवत नाही. उपग्रहाच्या भाषेत या सर्वांना एकच शब्द आहे : उष्णता. वनसीमेची चाळणी लावल्याने पाचट बाजूस पडेल, पण सीमेवरील राब आणि सीमेतील जाळरेषा पडणार नाहीत. ठिपक्यांची संख्या ही अपराधांची संख्या मानली गेली, तर वनालगत राहणाऱ्या माणसांवर असा आरोप येईल, ज्याचा पुरावा चित्रात नाही. पुराव्याने जे सांगितले नाही ते त्याच्या तोंडी घालणे कोणत्याही शास्त्रात क्षम्य नाही.

(६)

मग उपाय काय? उपग्रहाचा त्याग हा उपाय खचितच नव्हे. हजारो चौरस किलोमीटरांचा प्रदेश, तोही चार दशकांपर्यंत, पायी फिरून कोणी मोजू शकणार नाही. उलट, उपग्रहाची दृष्टी दिवसेंदिवस अधिक खोल होत आहे. २०१८ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवलेले ‘जेडी’ हे उपकरण लेसर किरणांनी झाडांची उंची मोजते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला ‘निसार’ हा इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह रडार तरंगांनी ढगांपलीकडील भूमी पाहू शकतो, आणि त्या तरंगांना फांद्या व खोड यांच्या रचनेचीही चाहूल लागते. पावसाळ्यातील अंधत्व आणि हिरवेपणाचा मोह, या दोन्ही दोषांवर अशा साधनांचा चांगला उतारा होईल. तरीही बी आहे की नाही, रोप कोणत्या जातीचे आहे, आणि आग कोणी व कशासाठी लावली, हे जमिनीवरूनच समजेल. साधन कितीही सुधारले तरी चिन्ह आणि वस्तू यांतील अंतर सर्वस्वी नाहीसे होत नाही. ते अंतर मान्य करणारी परिभाषा आपल्याला घडवावी लागेल.

या दृष्टीने प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की, मराठीत लिहिताना ‘पुनःप्राप्ती’ हा एकच शब्द सरसकट न वापरता तीन भिन्न अवस्थांसाठी तीन शब्दप्रयोग योजावेत. निर्देशांक पूर्वीच्या पातळीवर आला, एवढेच ठाऊक असेल तेव्हा भूमी ‘हिरवळली’ असे म्हणावे. हे क्रियापद मराठीत जुनेच आहे, आणि ते गवताला व झाडाला सारखेच लागू पडते; नेमकी हीच संदिग्धता येथे सत्यास धरून आहे. उंची व काष्ठरचना यांचे मापन झाले असेल आणि ते पूर्वपदावर येत असेल, तेव्हा ‘झाडोरा उभा राहिला’ असे म्हणावे. आणि जाती, बियांचा साठा व पुढील आगीनंतर पुन्हा उगवण्याची क्षमता यांची जमिनीवर पाहणी झाली असेल, तेव्हाच ‘वन स्थिरावले’ असे म्हणावे. यांतील पहिले विधान बहुधा उपग्रह एकटा करू शकेल. दुसरे त्याला नव्या साधनांच्या साहाय्याने करता येईल. तिसरे करण्याचा अधिकार, चित्रासह, वनात प्रत्यक्ष फिरलेल्या अभ्यासकाला आणि त्या वनात पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या माणसालाच आहे. याबरोबरच कोणत्या मापाने, कोणत्या दोन तारखांची तुलना करून विधान केले, हे प्रत्येक नकाशावर लिहिण्याची प्रथा पडली, तर पुष्कळसा गोंधळ मुळातच टळेल.

परिभाषा ही शास्त्रावर मागाहून चढवलेली झूल असते, असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. वरील विवेचनावरून तो टिकण्यासारखा नाही असे दिसेल. वनाची जी अवस्था आपल्या भाषेत वेगळी सांगता येत नाही, ती नकाशातही वेगळी दाखवली जात नाही आणि अंदाजपत्रकातही तिच्यासाठी वेगळी तरतूद होत नाही. हिरवळ पाहून ज्या वनाचे संरक्षण थांबवले जाईल, त्या वनाला आपल्या शब्दांच्या ढिलाईची किंमत मोजावी लागेल. यलोस्टोनच्या चित्रमालिकेने या विषयाकडे सर्वसामान्य वाचकांचे लक्ष वेधले, याबद्दल तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. ती अवश्य पाहावी. मात्र पाहताना तिचे शीर्षक क्षणभर हाताने झाकावे, आणि चित्रे स्वतः किती सांगतात तेवढेच प्रथम वाचावे.